मोघेकाकांचं अभयारण्य

बराकपूरच्या पुढे मोघेकाकांची बागानबाडी आहे. आपण जिला फार्महाउस म्हणतो तीच. तिथे दिवसभर कुजबुजत बोलावं लागतं. मीठ मागायचं तरी कानाशी लागून. का, तर तळ्याकाठच्या झुडपांत बाघरोल राहते. बाघरोल म्हणजे मासे मारून खाणारी रानमांजर, बंगालचा राज्यप्राणी. "तिचं घर आहे ते. आपण पाहुणे," असं काका बजावतात. स्वतः मात्र पाहुण्यासारखे अजिबात वागत नाहीत. सकाळी सातला सगळ्यांना उठवून झाडांची नावं पाठ करून घेतात.

मी बदलीवर कोलकात्याला आलेली बँकेतली बाई. बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर काका एकटेच राहतात; सुटीला मलाही बागानबाडीत नेतात. तीन पिढ्या इथेच गेल्या, यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा, पैसा भरपूर, काकू मात्र जाऊन सहा वर्षं झाली. बागानबाडीवर 'अभयारण्य' अशी ठसठशीत मराठी पाटी लावणारे त्या भागात तेच एकटे.

पाट्या शेजारच्या बागानबाड्यांवरही आहेत, इंग्रजीत. दर रविवारी ही बडी मंडळी काकांच्या व्हरांड्यात चहाला जमतात, वन्यजीव वाचलेच पाहिजेत यावर एकमत करतात, आणि दुसऱ्या कपाला कुंपणात वीज कशी सोडायची ते एकमेकांना समजावतात. तेही कुजबुजतच. मी आपली बिस्किटं खात ऐकते.

काकांचं पितळही एके दिवशी उघडं पडलं. मी कढीपत्ता तोडायला तळ्यामागे गेले, तर तिथे लोखंडी पिंजरा आणि आत मासा टांगलेला.

"हे काय, काका?"

"उंदरांसाठी."

"एवढा मोठा?"

"बराकपूरच्या लष्करी छावणीचे उंदीर आहेत. दांडगे असतात."

खरं कारण होतं तळ्यातले रुई, म्हणजे आपले रोहू मासे. काका कट्टर शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. पण मुलगी नंदिनी कोलकात्यातच बेहाल्याला, बंगाली घरात दिलेली. इकडे जामाईषष्ठीला सासू जावयाला मासे खाऊ घालते. सासू उरली नाही, म्हणून दर वर्षी काका आपल्या तळ्यातला थोरला रुई मांडीवर घेऊन, नाकाला रुमाल लावून बेहाल्याला जातात. नंदिनी शाळेत शिकवते. वर्गात ती बाबांच्या अभयारण्याच्या गोष्टी सांगते, हे काकांनी मला निदान दहा वेळा ऐकवलंय.

यंदा षष्ठीच्या सकाळी मीही बागानबाडीत होते. माळी हारान धावत आला. "बाबू, धोरा पोडेछे." सापडली होती. काठावर षष्ठीसाठी राखलेल्या थोरल्या रुईचं डोकं आणि काटे पडलेले, आणि पिंजऱ्यात बाघरोल, आचळं दुधाने भरलेली. झुडपात पिल्लं ओरडत होती. शेजारचे एक बाबू कुंपणापाशी येऊन म्हणाले, "पोत्यात घालून द्या. पुढचं माझी माणसं बघतील."

काकांनी एकदा झुडपाकडे पाहिलं. मग हारानच्या हातातली काठी घेऊन त्यांनी स्वतः पिंजऱ्याचं दार वर उचललं. ती झुडपात शिरली, तशी पिल्लं गप्प झाली. बाबू नाक मुरडून निघून गेले.

"बाजारातून घेऊ की रुई," मी म्हटलं.

"विकतचा तर नंदूचे सासरेही आणतात." काका पायरीवर बसले. "मासा नसला तर त्या घरी मी जायचं कोण म्हणून?"

"बाप म्हणून." मला त्यांचा रागही आला होता आणि वाईटही वाटत होतं. त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

बेहाल्याला नंदिनीने दार उघडलं. काका उंबऱ्याबाहेरच थांबले. "नंदू, तळ्यावर पिंजरा मी लावला होता. मागच्या वर्षी एक बाघरोल मेली त्यात."

"माहीत आहे, बाबा. हारानदाने सांगितलं होतं. खूप रडले मी."

"मग मला बोलली का नाहीस?"

नंदिनीने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली.

"बोलले असते तर तुम्ही लाजेने तळंच बुजवलं असतं. आणि मासा हातात नसताना तुम्ही इथे कधी आलाच नाहीत."