टेकडीवरचा पंप

एका जंगलात प्राणी टेकडीवर राहायचे आणि मगर खाली नदीत. मुलांनो, हे आत्ताच ध्यानात ठेवा. पुन्हा सांगणार नाही.

पूर्वी प्राणी पाण्याला नदीवर जायचे. काही परत यायचे. पुढे त्यांनी जाणंच सोडलं. डबक्यावर भागवू लागले. मगर वाळली.

मग मगरीने त्यांना एक पंप विकला. पंप टेकडीवर, नळी नदीत. पाणी घरपोच. झाकणाला लाखेचं सील होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘सील तोडल्यास हमी रद्द. पंप बिघडल्यास नदीवर आणावा.’

दसऱ्याला प्राण्यांनी पंपाची पूजा केली. हार घातला. मूठमूठ अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी पंप अडला.

ससा तो घेऊन नदीवर गेला. संध्याकाळी मगरीने दुरुस्त पंप टेकडीच्या पायथ्याशी आणून ठेवला. ससा आला नाही.

“मगरमावशीचं काम चोख आहे,” सरपंच रानडुक्कर म्हणाले.

पुढच्या दसऱ्यानंतर भेकर गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाळी वानराची आली.

वानराने पंप हलवून पाहिला. आत खुळखुळ वाजलं.

“सरपंच, आत तांदूळ अडकलेत. झाकण काढलं की झालं.”

“सील आहे.”

“अहो, मला बायकापोरं आहेत.”

“सशालाही होती. त्याने कधी सीलला हात लावला?”

वानराने नखाने सील काढलं. पंप उलटा करून झटकला. तांदूळ पडले. पाणी आलं. सगळे पोटभर प्यायले. मग सभा भरली.

“हमी गेली,” घोरपड म्हणाली. “आता बिघडला तर न्यायचा कुठे?”

“मी आहे ना. नाहीतर अक्षता टाकू नका.”

“पूजेशिवाय यंत्र चालतं होय?” सरपंच म्हणाले. “तुझ्यापायी सगळी टेकडी उघड्यावर पडली. जा, मावशीची माफी माग. नवं सील लावून आण.”

वानराने बायकोकडे पाहिलं.

“जाऊन या,” ती म्हणाली. “आपल्याला इथंच राहायचंय.”

वानर पंप खांद्यावर घेऊन गेला. संध्याकाळी पंप पायथ्याशी आला. सील नवं होतं.

सरपंचांनी स्वतः सीलला कुंकू लावलं. वर मूठभर अक्षता टाकल्या.

तात्पर्य : सील तोडू नये. हमी जाते. हमी पंपाची असते, पंप नेणाऱ्याची नसते. हे कळायला झाकण उघडावं लागत नाही.