पाटीवरचं डिझेल

येत्या सोमवारपर्यंत आमच्या गल्लीतली महागाई मी संपवणार होतो. अख्ख्या देशाची नाही. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता, मला पिठाची गिरणी सांभाळायची असते. पण धुळ्यात देवपुरातली आमची एक गल्ली, तेवढी तरी सुतासारखी सरळ करायची, हे मी ठरवलं होतं.

झालं असं की गॅसची टाकी शंभर रुपयांनी उतरली, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच डिझेल-पेट्रोलही दोन-दोन रुपयांनी उतरलं. पेपरात ते वाचलं आणि माझं डोकं असं तापलं की त्यावर कळण्याच्या चार भाकरी भाजून निघाल्या असत्या! स्वस्ताई झाल्यावर डोकं का तापावं? सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिझेल चढलं, तेव्हा दूधवाल्याने भाव वाढवला, कारण डिझेल. न्हाव्याने वाढवला, कारण डिझेल. अहो, म्हैस काय पंपावर जाऊन टाकी फुल करते? कात्रीला काय सायलेन्सर असतो? आणि आता डिझेल उतरलं, तर सगळे तोंडात विडा धरून बसल्यासारखे गप्प. भाव चढताना हरणासारखे चढतात, आणि उतरताना गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसारखे, कठडा धरून, एकेक पायरी, मध्येच बसून!

"एकेकाला सोडत नाही मी आता," मी ज्योतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला सांगितलं.

"अहो, पण आपली ती पाटी..."

"पाटी-बिटी नंतर. आधी पितांबर."

पितांबर आमच्या पुनमला आणि गल्लीतल्या दहा-बारा पोरांना व्हॅनमधून शाळेत नेतो. त्याच्या व्हॅनच्या पाठीवर लाल ऑइलपेंटात लिहिलेलं आहे, 'डिझेल दरवाढीमुळे भाडेवाढ. सहकार्य करावे.' दोन वर्षं हे सहकार्य आम्ही करतोय. मी त्याला भर चौकात गाठलं.

"पितांबर, डिझेल उतरलं. भाडं कमी कर."

"उतरनं, खरं शे," पितांबर शांतपणे म्हणाला. "पन भाऊ, मनी गाडी गॅसवर चालस."

मी गारच पडलो. दोन वर्षं हा माणूस डिझेलच्या नावावर पैसे घेत होता, आणि गाडीत डिझेलचा थेंब नाही!

"मग डिझेलचं नाव घेऊन भाडं का वाढवलंस?"

"तवय बठ्ठासना भाव वाढनात. मी एकलाच कसा मांगे राहू?"

"आणि हे गाडीच्या पाठीवर छापून फिरतोस? लाज नाही वाटत?"

पितांबरने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "भाऊ, हाई कुंदन पेंटरनी लिखेल शे. त्याच दिनले त्यानी आखो एक पाटी..."

"मला पेंटरचं नाव नको सांगू," मी त्याला तोडलं. "मी गल्लीसमोर मांडतो हे."

आणि मांडलं. गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर एरवी हरवलेली मांजरं आणि सुप्रभात एवढंच येतं. त्यावर मी लिहिलं, 'डिझेल स्वस्त झालं. ज्याने ज्याने डिझेलचं कारण सांगून भाव वाढवला, त्याने सोमवारपासून तो कमी करावा. जो करणार नाही, त्याच्या दारात गल्लीतला एकही माणूस जाणार नाही. मग तो कोणीही असो!' शेवटचं वाक्य मीच दोनदा वाचलं. फार आवडलं मला.

पहिला अंगठा द्रौपदाअक्काचा आला. मग पटापट बत्तीस अंगठे.

द्रौपदाअक्का कोण, ते सांगायला हवं. मूळची सोनगीरची, वय सत्तर, आणि पाठीशी पंचवीस बायांचा पापडाचा गट. फाल्गुन लागला की अक्काची रोज दोन क्विंटल उडीद डाळ माझ्या गिरणीत येते. पापडाचा हा दीड महिना म्हणजे माझा हंगाम. या दीड महिन्यात जे मिळतं त्यात पावसाळा निघतो, आणि त्यातला अर्धा भार एकट्या अक्काच्या डाळीचा. त्या डाळीची पहिली खेप सोमवारीच यायची होती. त्यासाठी मी गिरणी धुऊन-पुसून, दगडाला टाकीने धार लावून तयार ठेवली होती.

रविवारी मी गल्लीतून फिरलो तर काय वर्णावं! दूधवाल्याने लिटरमागे दोन रुपये उतरवले. न्हाव्याने दाढीचे पाच कमी केले. पितांबरही ग्रुपवर 'कमी केलं' असं लिहून मोकळा झाला. माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं वरचं बटण लागेना.

"ज्योती, उद्या वीस कप चहा ठेव. माणसं येतील. बहुतेक शाल आणतील."

"अहो, मी तीन दिवसांपासून सांगतेय, आपली ती पाटी..."

"शाल आल्यावर बोलू."

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीत बसलो. नऊ वाजले. एक डबा नाही. साडेनऊ झाले. हंगामाच्या दिवसांत माझ्या गिरणीसमोर डब्यांची रांग पार नळापर्यंत जाते, आणि आज एक कुत्रं तेवढं येऊन वास घेऊन गेलं. मला वाटलं, सत्काराची तयारी चालली असेल.

दहाला आल्या. पंधरा-वीस बाया, पुढे द्रौपदाअक्का, मागे पितांबर. मी उठून उभा राहिलो, मान थोडी वाकवली, म्हणजे शाल घालायला सोपं जाईल. अक्काच्या हातात शाल नव्हती. डाळीचा पहिला डबा मात्र होता. पण तो तिने खाली ठेवला नाही, कमरेवरच धरला.

"चुडामण, तुनी गिरनी डिझेलवर चालस का रे?"

"नाही अक्का. लाइटवर."

"मंग बाजूले सर."

मी सरलो. माझ्या गल्ल्याच्या मागे, बरोबर माझ्या डोक्यावर, भिंतीला एक पाटी आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसतो. म्हणजे ती सगळ्या जगाला दिसते, मला नाही. शिवाय दोन वर्षांचं पीठ बसून ती पांढरीफटक झालेली. अक्काने लुगड्याच्या पदराने ती पुसली. पीठ खाली पडत गेलं आणि लाल अक्षरं एकेक करून वर आली. 'डि', मग 'झे', मग 'ल'.

'डिझेल दरवाढीमुळे दळणाचा दर किलोला सात रुपये. सहकार्य करावे.'

मागून पितांबरचा आवाज आला. "भाऊ, मी तेच सांगी राहिंतू. कुंदननी एकाच दिनले दोन्ही लिख्यात. मनी गाडी गॅसवर, तुम्हनी गिरनी लाइटवर. दोन्हीमा डिझेल कोठे शे?"

बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. ज्योती दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही.

पण मी काही असा तसा माणूस नाही. माझ्या डोक्यात वीज चमकली. खरंच वीजच! मी गल्ल्यातून विजेचं बिल काढलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "इंधन समायोजन आकार! ऐकलं का? वीज इंधनापासून होते. इंधन महागलं की वीज महागते, वीज महागली की दळण महागतं. माझी पाटी खोटी नाही. फक्त डिझेलऐवजी इंधन म्हणायला हवं होतं."

मी पितांबरकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

द्रौपदाअक्काने डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला. "म्हनजे इंधन महागनं म्हनीसन तू भाव वाढाडा."

"बरोबर, अक्का."

"आते ते स्वस्त व्हयनं, आसं तूच लिख्या."

मी बिल उलटं करून मागची बाजू वाचायला लागलो.

"मंग कमी कर. नहीतर सांग, पाटी खोटी व्हती. दोन्हीमधलं एक सांग, तवय डबा ठेवसू. नहीतर निंबानी गिरनी काय लांब शे?"

निंबाची गिरणी शेजारच्या गल्लीत. चालत तीन मिनिटं. मी बिलाकडे पाहिलं, अक्काच्या डब्याकडे पाहिलं. पुढचा सगळा पावसाळा त्या डब्यात दिसत होता.

"सहा," मी म्हटलं.

"लिखीसन दे. ऑइलपेंटमा. खडूवर मना इस्वास नही."

कुंदन पेंटरला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत बायांनी माझ्याच चहाचे वीस कप संपवले. अक्काने एका हाताने चहा घेतला, दुसऱ्या हाताने डबा तसाच धरून. कुंदन आला, 'डिझेल दरवाढीमुळे' खरवडून काढलं, सातचे सहा केले, ब्रश पुसला आणि म्हणाला, "चारशे, भाऊ."

"चारशे?" माझा आवाज चिरकला. "अरे, मागच्या वेळी साडेतीनशे घेतलेस. त्यातही पन्नास जास्तीचे, डिझेल वाढलं म्हणून. आता तर डिझेल उतरलं ना?"

"डिझेलना मना काय संबंध, भाऊ? मी सायकलवर येस."

"मग मागच्या वेळचे ते पन्नास?"

कुंदनने ब्रश पिशवीत ठेवला, पिशवी हँडलला अडकवली.

"तवय बी सायकलच व्हती."

मी चारशे दिले. मग कुठे अक्काने डबा खाली ठेवला.