एक्केचाळिसावा दिवस आणि उडती होडी

सगळं सुरू झालं ते एका बोटावरून.

गेल्या वर्षी त्या मोठ्या पार्कमध्ये उडत्या होडीच्या फाटकाशी जी उंची मोजायची पट्टी होती, तिच्यावरच्या लाल रेघेला मुंगीचं डोकं पोचलं नाही. मुंगी म्हणजे घरातली एकुलती एक लेक, वय वर्षं आठ. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण अंगकाठी बघून आजीने मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. फाटकावरच्या शिट्टीवाल्याने तिला बाजूला केलं तेव्हा ती रडली नाही. घरी येऊन तिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तेवढ्याच उंचीची रेघ ओढली आणि रोज दात घासायच्या आधी तिथे जाऊन उभी राहायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं, असं मुंगीच्या आईला वाटलं. वर्ष संपत आलं तरी एक बोट कमीच होतं.

मुंगीची आई देवाशी नेहमी सरळ व्यवहार करणारी. तिने हात जोडून सांगितलं, "एक्केचाळीस दिवस जो कुणी माझ्या पुढे जाऊ का म्हणून विचारेल, त्याला मी नाही म्हणणार नाही. कपाळाला आठीसुद्धा घालणार नाही. तेवढं एक बोट वाढू दे."

(उपास तिला झेपत नव्हते. मौन घरातल्यांना झेपत नव्हतं. ते एकदा करून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी नवरा डॉक्टरांना घेऊन आला होता.)

अडतीस दिवस फार छान गेले. दुधाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात ती सगळ्यांच्या शेवटी पोचायची आणि प्रसन्न चेहऱ्याने घरी यायची. आणि एकोणचाळिसाव्या सकाळी मुंगी चौकटीपाशीच किंचाळली. रेघ तिच्या केसांखाली गेली होती!

त्याच संध्याकाळी मुंगीचे बाबा ऑफिसातून पार्कचे चार पास घेऊन आले. पासांवर ठळक अक्षरांत छापलं होतं : फक्त येत्या रविवारी.

मुंगीच्या आईने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. रविवारी एक्केचाळिसावा दिवस. व्रत सुटणार सूर्यास्ताला. देव दयाळू आहे याबद्दल तिला शंका नव्हती, पण त्याला कॅलेंडर बघायची सवय नसावी.

"अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला. "देवाला सांग, एक दिवस पुढे ढकलते."

"आणि त्याने बोट मागे घेतलं म्हणजे?"

यावर तो वेळापत्रक करायला बसला. तो सरकारी खिडकीवरचा कारकून. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेला, त्यामुळे रांग ही गोष्ट त्याने फक्त समोरून पाहिलेली. त्याने कागदावर रकाने आखून लिहिलं : ९.१० उडती होडी. ९.४० पाळणा. १०.१५ अल्पोपाहार. खाली सही केली आणि ऑफिसच्या सवयीने तारीखही घातली.

रविवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते चौघे अजून पार्कच्या बाहेरच्याच रांगेत होते.

होडीपाशी पोचायला साडेअकरा झाले. रांग लोखंडी कठड्यांमधून वळसे घेत गेलेली, आणि मधोमध एक पिवळी पाटी : "येथून पुढे ४५ मिनिटे." सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना होडीच्या बाजूच्या बाकावर सावलीत बसवलं, पिशव्या त्यांच्यापाशी ठेवल्या. "इथून हलायचं नाही हं," असं तिघांनीही एकेकदा बजावलं.

"मी कुठे जातेय," सासूबाई म्हणाल्या आणि होडीकडे बघत बसल्या.

"हे बघ," नवरा रांगेत शिरताना म्हणाला, "तू गप्प राहा. कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. व्रत तुझं आहे, माझं नाही."

नाही म्हणण्याचा त्याला सतरा वर्षांचा अनुभव होता. पहिल्या तिघांना त्याने असं परतवलं की बघत राहावं. एकाला म्हणाला, "कारण काय? लेखी आहे का?" दुसऱ्याला म्हणाला, "जेवणानंतर या." तिसरा तर न विचारताच परत फिरला. पिवळी पाटी हाताच्या अंतरावर आली. मुंगी टाचा उंचावून लाल रेघ कुठे दिसते का ते बघू लागली.

तेवढ्यात मागून एक टकलू गृहस्थ आले. नवऱ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"तुम्ही सात नंबरच्या खिडकीतले ना?"

नवऱ्याचा चेहरा वेळापत्रकासारखा पांढरा पडला.

"पाच वेळा परत पाठवलंत मला," गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले. "एकदा तर फोटो हसरा आहे म्हणून. आता मी पुढे जाऊ का? की तुमच्या साहेबांची सही आणू?"

"नाही म्हणजे... जावा ना," नवरा म्हणाला. गृहस्थ गेले, आणि जाताना त्यांनी मागे वळून सहा जणांना हाका मारल्या. सगळी त्यांचीच भावंडं.

तिथून बांध फुटला. मागच्यांनी बघितलं, इथे जाऊ देतात. एक बाई थेट मुंगीच्या आईकडे आली. "ताई, आमचा छोटा फार कंटाळलाय हो, जाऊ का पुढे?" छोट्याला मिशी फुटली होती. मुंगीच्या आईने कपाळ सपाट ठेवून म्हटलं, "या ना." मग एक नवं जोडपं आलं. मग आपली बस चुकेल असं सांगणारे चौघे. मग ज्यांना काहीच कारण सुचलं नाही असे दोघे, त्यांनी नुसतंच "जाऊ?" विचारलं.

"आई," मुंगी हळूच म्हणाली, "आपण पाटीच्या जवळ होतो ना? आता पाटी लांब गेली."

मागे एक छत्रीवाले गृहस्थ मघापासून धुमसत होते. उंच, कडक इस्त्रीचे, ऊन नसलेल्या जागीही छत्री उघडून उभे. त्यांनी छत्री मिटली तेव्हाच मुंगीच्या आईला कळलं, आता काहीतरी होणार.

"बाई, तुमचं काय चाललंय?"

तिने व्रत सांगितलं. रांगेतले दहाबारा जण कान टवकारून ऐकत होते.

"व्रत तुमचं आणि पाय आमचे?" छत्रीवाले म्हणाले. "तुम्ही एकाला पुढे सोडता, तेव्हा तुमच्या मागचे आम्ही सगळे एकेक नंबर मागे जातो. आम्ही कुठे बोललो होतो देवाला?"

मुंगीची आई भलती ओशाळली. इतक्या दिवसांत हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. दुधाच्या दुकानात आपल्या मागे कोण ताटकळत होतं, हे आठवून तिचे कान तापले.

"मग काय करू मी?"

"अदलाबदल," छत्रीवाले छत्री आपटून म्हणाले. "ज्याला पुढे सोडाल त्याची जागा तुमची. तो इथे, तुम्ही तिथे. बाकीच्यांना धक्का नाही. नियम म्हणजे नियम."

हे तिला इतकं न्याय्य वाटलं की तिने तिथल्या तिथे मान्य केलं. (नवऱ्याने डोळे मिटून घेतले.)

त्यानंतरचे चार तास काय झालं ते सांगणं अवघड आहे. रांग मुंगीच्या पावलांनी पुढे जायची आणि कुणीतरी लांबून यायचं. "त्या निळ्या ओढणीवाल्या ताई तुम्हीच का?" रांगेत बातमी पसरली होती. की झाली अदलाबदल! ती पिवळी पाटी त्यांनी सहा वेळा पार केली, तीनदा पुढे आणि तीनदा मागे. सहाव्या वेळी मुंगीने पाटीला टाटा केला.

"असं करू," नवरा काकुळतीला येऊन म्हणाला, "तू लांब जाऊन उभी राहा. मी आणि मुंगी रांग धरतो. आमचा नंबर आला की तू ये."

"म्हणजे तेवढ्या सगळ्यांच्या पुढे घुसायचं? न विचारता?"

"मग मीच बसतो मुंगीबरोबर होडीत!"

मायलेकींनी त्याच्याकडे दयेने बघितलं. लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवंच असा नियम होता खरा, पण याला ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीतसुद्धा चक्कर येते. खुर्ची बदलून मिळावी म्हणून त्याने केलेला अर्ज त्याच्याच खिडकीत अडकला आहे.

वेळापत्रकाचा कागद आता पंखा झाला होता. पाळणा गेला, अल्पोपाहार गेला, डबा सासूबाईंच्या पिशवीत राहिला. मुंगीच्या आईच्या पायांना गोळे आले होते. पोटात राग असा साचला होता की तोंड उघडलं तर वाफ येईल. पण कपाळावर आठी नाही. देवा, बघतोयस ना, असं ती मनात म्हणाली, आणि लगेच वाटलं, बघतोय तो, चांगला मजेत बघतोय.

साडेपाच वाजता ते सातव्यांदा पाटी पार करून पुढे आले. आता विचारणारेही दमले होते. फाटक दिसायला लागलं. लाल रेघ दिसायला लागली. मुंगीने केस दोन्ही हातांनी चापून बसवले, लबाडी वाटायला नको म्हणून. पुढे पाच माणसं उरली. चार. दोन.

आणि शिट्टी वाजली.

"आजचं संपलं! पुढच्या खेपेला फक्त आरक्षित!" शिट्टीवाल्याने साखळी ओढली. साखळी बरोबर मुंगीच्या नाकासमोर आली.

मुंगी याही वेळी रडली नाही. साखळी धरून म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मी आणखी उंच असेन ना? मग काही प्रॉब्लेम नाही."

मुंगीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडावं तर व्रत, न भांडावं तर ही पोर.

"अगं, तुम्ही अजून इथेच?"

आवाज पलीकडून आला. बाजूच्या छोट्या फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. केस वाऱ्याने पिंजारलेले, गालांवर लाली, आणि हातात पिशवी नाही.

"आजी, पुन्हा आलात?" शिट्टीवाला हसत म्हणाला. "कितवी फेरी?"

"सहावी. पाचव्या वेळी मागे बसले होते, मजा नाही आली."

नवऱ्याचा जबडा खाली आला. "आई! तू... गुडघे?"

"होडीत काय उभं राहायचं असतं?" सासूबाई म्हणाल्या. "बारा वाजता या भल्या माणसाने विचारलं, आजी, तुमच्यासाठी वेगळं आरक्षित फाटक आहे, बसता का? म्हटलं, बसते. सोबत दोघांना नेता येतं. तुम्ही दिसेनात, म्हणून कुणाकुणाला नेलं. एका टकलू माणसाला नेलं, त्याची सहा भावंडं रुसून बसली. मिशीवाल्या एका छोट्यालाही नेलं, फार ओरडला बिचारा."

"आई, आम्हाला हाक मारायची!"

"मारली की! दोनदा मारली. हिने दोन्ही वेळा वर न बघताच 'या, या, जा पुढे' म्हटलं. मी गेले."

शिट्टीवाला विचारत होता, "आता सोबत कोण?"

"या दोघी."

मुंगीच्या आईचा पाय अडला. "पण आई, हे सगळ्यांच्या पुढे जाणं होईल. माझं व्रत..."

"पुढे मी जातेय," सासूबाई म्हणाल्या. "तू सून आहेस. माझ्या मागे चाल."

लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण सासूच्या मागे चालण्यात इतकं सुख असतं हे तिला त्या दिवशी कळलं.

पट्टीपाशी मुंगी श्वास रोखून उभी राहिली. शिट्टीवाला वाकला, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "एक बोट जास्तच आहे की!" मुंगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

होडी वर गेली, खाली आली, आणखी वर गेली. मुंगी आणि तिची आजी हात सोडून ओरडत होत्या. मुंगीच्या आईने डोळे घट्ट मिटले होते. अगदी वरच्या टोकाला ते एकदाच उघडले, तेव्हा समोर सूर्य बुडत होता. एक्केचाळीस दिवस पुरे झाले होते. ती मनातल्या मनात नमस्कार करायला गेली आणि होडी खाली आली, त्यामुळे नमस्काराची किंकाळी झाली.

परतीच्या बससाठीही रांग होतीच. बस रिकामी उभी होती, दार बंद होतं. पण आता मुंगीच्या आईला कशाचं काही नव्हतं. व्रत फळलं होतं आणि सुटलंही होतं. ती रांगेत सगळ्यांत पहिली होती! गेल्या एक्केचाळीस दिवसांत ती पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे उभी होती. मागे छत्रीवाले होते, त्यांनी मान डोलावून दादही दिली.

तेवढ्यात मागून एक माणूस वाट काढत आला. "बाई, जरा पुढे जाऊ द्या."

आणि मुंगीच्या आईच्या तोंडाचं झाकण उडालं.

"का? का जाऊ द्या? आम्ही इथे झाडं म्हणून उगवलोय का? रांग दिसत नाही? सकाळपासून आमच्या पायांचे तुकडे पडलेत, आणि तुम्ही येता खुशाल पुढे! लहान मूल कंटाळलंय का? बस चुकतेय का? काही नाही! मागे जा. अगदी शेवटी. जा!"

दूधवाले, औषधवाले, छोटे मिशीवाले, सगळे त्या एका बोलण्यात निघाले. रांगेने टाळ्या वाजवल्या. माणूस बिचकला, मान खाली घातली आणि निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बसचं दार काही उघडेना.

"हा ड्रायव्हर कुठे कडमडलाय?" नवरा करवादला.

रांगेच्या शेवटून बारीक आवाज आला, "मी इथे आहे. ताईंनी मागे उभं राहायला सांगितलं."

सगळी रांग वळली. ड्रायव्हरकडे नाही, मुंगीच्या आईकडे. तिचे कान पुन्हा तापले. ती तशीच उठाबशा काढल्यासारखी चालत शेवटपर्यंत गेली आणि हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं. तुम्ही पुढे चला."

ड्रायव्हर पुढे गेला. ती त्याच्या मागोमाग आपल्या जागी यायला निघाली, तेव्हा मध्ये एक मिटलेली छत्री आडवी आली.

"बाई," छत्रीवाले म्हणाले, "ज्याला पुढे सोडलंत त्याची जागा तुमची. नियम म्हणजे नियम."

मुंगीची आई रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिथून बसच्या सगळ्या खिडक्या दिसत होत्या. पहिल्या खिडकीत सासूबाई आधीच बसल्या होत्या. ड्रायव्हरने दार उघडताच "आजी, या" म्हटलं होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.