भुऱ्याचा जेवता हात

सदाशिवरावांच्या घरात वर्षभर एकच वाद चालू होता : अस्वल कोणत्या हाताने जेवते?

अस्वल खरे नव्हते. विकास ब्लॉकच्या प्रचाराच्या गाडीने आंबाळी गावात चित्रांचा सिनेमा दाखवला होता, त्यातले ते पिल्लू. नाव भुऱ्या. मुलांना चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून सरकारने भुऱ्याच्या गोष्टींची मालिकाच काढली होती. त्यातला ‘भाग तिसरा : भुऱ्या जेवतो’ एवढाच आंबाळीच्या वाट्याला आला. फीत अकरा मिनिटांची. भुऱ्या हात धुतो, ताटावर बसतो, जेवतो, पुन्हा हात धुतो, पाटीवर ‘अ’ काढतो आणि चष्मा लावलेले हत्ती गुरुजी त्याची पाठ थोपटतात. एवढ्यात भांडण्यासारखे काही नव्हते. तरी गाव भांडले.

“उजव्या हातानं जेवते,” सदाशिवराव म्हणत.

“डाव्या,” मैनाबाई म्हणत.

“मी समोर बसलो होतो.”

“बसले असान. ध्यान बिडीत होतं.”

वाद फक्त या घरचा नव्हता. गावातले सगळे पुरुष उजव्याचे होते आणि सगळ्या बाया डाव्याच्या. पारावर मास्तरांना विचारले, तर ते म्हणाले, उजवा. विहिरीवर लगेच निकाल लागला, की मास्तरही पुरुषच. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या हंसाबाईने तर आईची शपथ घेतली. “याडी! मी काय आंधळी हाव? अख्खा लाडू डाव्या हातानं खाल्ला त्यानं. अन् हत्तीनं शाबासकी देल्ली.”

या वादात एकच माणूस कधी बोलत नसे, आणि सर्वांत जास्त त्याचेच पणाला लागले होते. ती म्हणजे या घरची सून, रुक्मा.

रुक्मा डावखुरी होती. मुलगी दाखवण्याच्या वेळी आईने तिचा डावा हात पदराखाली ठेवायला लावला होता आणि सुपारीचे तबक उजव्याने द्यायचा सराव आठ दिवस करून घेतला होता. लग्न झाले, सराव संपला आणि सासरी सगळे उघडे पडले. डाव्या हाताने वाढणे म्हणजे मैनाबाईंच्या लेखी जेवणाऱ्याचा अपमान. मग रुक्मा उजव्याने वाढू लागली. वरण ताटात कमी आणि पाटावर जास्त पडू लागले. ज्वारीची भाकर परातीत थापता थापता उमरखेड तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची. सदाशिवराव प्रत्येक भाकर हातात धरून विचारायचे, “यातलं आपलं गाव कुठं हाय?” नवरा नागोराव आईबापांपैकी शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचा. तो नुसता मान हलवायचा. रुक्मा चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची आणि धुराचे नाव सांगायची.

अशात मागल्या सालच्या डिसेंबरात गाडी आली. शाळेच्या पटांगणात मधोमध दोन बल्ल्यांना पांढरे कापड ताणून बांधले. शाळेच्या बाजूला गाडी, मशीन आणि पुरुष. बाया कापडाच्या पलीकडे, मारोतीच्या देवळाकडे. कापड पातळ होते, चित्र दोन्हीकडून सारखेच स्पष्ट दिसत होते. कोणाची काही तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी मैनाबाई घरी आल्या त्या वेगळ्याच होऊन. “सरकारचं अस्वल डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं लिहिते, अन् गुरुजी त्याले शाबासकी देते. मंग आपल्या सुनेनंच काय घोडं मारलं?” त्यांनी स्वतः रुक्माच्या उजव्या हातातली पळी काढून डाव्यात दिली. “घे पोरी. वाढ तुह्या हातानं.”

त्या दिवसापासून घरात पाट कोरडे राहिले. भाकरी अशा गोल होऊ लागल्या, की शेजारणी पाहायला आल्या. कपाशीच्या वेचणीत रुक्मा दोन ओळी पुढे असे. सासू वेचता वेचता मागून ओरडे, “अवं, आमच्यासाठी बोंडं ठेव काही!” रुक्माला हसू यायचे. अंथरुणावर पडली, की देवाच्या आधी ती त्या अस्वलाला हात जोडायची.

मात्र एक गोष्ट तिला ठाऊक होती. ती चार यत्ता शिकली होती, बाकीच्या बायांतली कोणी शाळेत गेली नव्हती. सिनेमाच्या सुरुवातीला कापडावर अक्षरे आली तेव्हा ती रुक्माला वाचता येईनात. आधी वाटले इंग्रजी असेल. मग लक्षात आले, की ती ‘भाग तिसरा’चीच अक्षरे होती, पण उलटी; तलाठ्याच्या शिक्क्यावर कोरलेली असतात तशी. आपण कापडाच्या मागे बसलो आहोत, अक्षरे उलटी आहेत, म्हणजे अस्वलही उलटेच. तिकडचा उजवा तो इकडचा डावा. हे तिला कळले आणि ती गप्प बसली. कोणी विचारले असते, तर ती खोटे बोलली नसती. कोणी विचारले नाही.

वाद वाढत वाढत दिवाळीला सदाशिवरावांनी निकालाची रीत ठरवून टाकली. “गाडी पुन्हा येईन. उजवा निघाला, तं या घरात सून उजव्याच हातानं वाढीन. डावा निघाला, तं मी या गोष्टीवर जन्मात तोंड उघडणार नाही. कबूल?”

“कबूल,” मैनाबाई म्हणाल्या.

“कबूल,” नागोरावानेही सांगितले. त्याला कोणी विचारले नव्हते.

गाडी जानेवारीत आली. रुक्मा त्या दिवशी घागर घेऊन तीन वेळा पटांगणावरून गेली, आणि तिन्ही वेळा घागर भरलेलीच होती. कापड बांधले गेले, पूर्वीच्याच जागी. तिला जरा धीर आला. तेवढ्यात गाडीतून ब्लॉकच्या नव्या ग्रामसेविका उतरल्या, विमलताई. खादीचे पातळ, हातात वही, आवाज घंटेसारखा.

“बाया कुठे बसतात?”

“मांगं, कापडाच्या तिकडं,” कोणीतरी म्हणाले.

“का? त्या काय माणसं नाहीत? या वेळी बायका-मुलं समोर बसतील. मशीनकडून.”

बायांमध्ये आनंदाची लाट उसळली. रुक्माने मात्र घागर खाली ठेवली.

ती आधी सासूकडे गेली. “आत्याबाई, आपण मांगंच बसू. समोर गाडीचा धूर लागते म्हणतात.”

“लागू दे. वर्षभर भांडली मी. आता समोर बसून पाहीन, अन् ह्या माणसायले तोंडावर सांगीन.”

मग ती गाडीपाशी गेली. मशीन चालवणारे बबनराव डब्यातून फीत काढत होते. रुक्माने पदर सावरून विचारले, “भाऊ, आज दुसरा भाग दाखवता काय? पहिला, नाहीतं चौथा?”

“बाई, तीन वर्षांपासून मी हा तिसराच घेऊन फिरून राह्यलो. बाकीचे मीबी नाही पाह्यले. चौथ्यात हे अस्वल काय करते ते मले तुम्हीच सांगा.”

“अन् फीत तुटली तं?”

“जोडतो.”

“पुन्हा तुटली तं?”

बबनरावांनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले. “तुमचं अस्वलासंगं काही वैर हाय काय?”

“नाही हो,” रुक्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “त्याचे लय उपकार हायेत.”

बबनरावांनी फीत चढवली.

दिवेलागणीला आंबाळीच्या बाया आल्या, तांड्यावरच्या आल्या, सोबत मुले आली. शाळेची बाजू पायरीपर्यंत भरली. पुरुष मागल्या वेळच्या जागेवर येऊन पाहतात तर उभे राहायलाही जागा नाही.

“आम्ही कुठं बसावं?” सदाशिवरावांनी विचारले.

“कापडाच्या पलीकडे खूप जागा आहे,” विमलताई म्हणाल्या.

“मांगं? आम्ही?”

“मागल्या वेळी बायका बसल्या. त्यांना काही झालं?”

हंसाबाई गर्दीतून म्हणाली, “जा ना पाटील, देवळाकडं हवा बेस लागते.” बाया हसल्या. पुरुष टोप्या सावरत, खाकरत, एकमेकांना पुढे करत पलीकडे गेले. मास्तरही गेले. रुक्माने हे काही पाहिले नाही. ती उजव्या हाताची पाच बोटे डाव्या मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती.

मशीनची घरघर सुरू झाली. कापडावर अक्षरे आली. सरळ, गोल, सुवाच्य. चुकीला जागाच नव्हती.

“काय लिहिलं पोरी?” मैनाबाईंनी विचारले.

“भाग तिसरा,” रुक्मा म्हणाली.

भुऱ्याने हात धुतले. भुऱ्या ताटावर बसला. भुऱ्याने लाडू उचलला. उजव्या हाताने.

बायांचा गलका एकदम थांबला. पोरे तेवढी हसत राहिली. हंसाबाई हळूच म्हणाली, “अवं, यानं हात बदलला.”

“मोठा झाला असन वर्षभरात,” कोणीतरी म्हणाले. “वळण लावलं असन मायनं.”

हत्ती गुरुजींनी पाठ थोपटली तेव्हाही मैनाबाईंची मान ताठ होती. रुक्माने मात्र आज त्या पिल्लाला पहिल्यांदा सरळ पाहिले. लहानसे, गुबगुबीत, लाडू तोंडाला लावून घेतलेले. त्याचा तिला राग आला नाही. बिचारे पहिल्यापासून उजव्यानेच जेवत होते. वर्षभर त्याने जे दिले, ते त्याच्या पदरचे नव्हतेच. तिने मनातल्या मनात त्याला हात जोडले आणि ती उठली.

घरी जाताना वाटेत मैनाबाई थांबल्या. “मले दिसलं तेच तुले दिसलं?”

“हो, आत्याबाई.”

“हं.” चार पावले गेल्यावर त्या म्हणाल्या, “मी कबूल करून बसली, पोरी. तोंडातून गेलेला शब्द गिळता येत नाही. आज उजव्यानंच वाढ. पाटावर सांडलं तं सांडू दे, मी पुसीन.”

ताटे मांडली. सदाशिवराव आले, पाय धुतले, पाटावर बसले. नागोराव त्यांच्या बाजूला बसला आणि आई बोलते की बाप, याची वाट पाहू लागला. रुक्माने उजव्या हातात पळी घेतली, वरणात बुडवली आणि सासऱ्याच्या ताटावर आणली. पहिला थेंब पाटावर पडला.

“थांब,” सदाशिवराव म्हणाले.

रुक्मा थांबली. पळीतून वरण गळत राहिले.

सदाशिवरावांनी ताटाकडे पाहिले, मग आढ्याकडे, मग पुन्हा ताटाकडे. “अवं,” ते बायकोला म्हणाले, “तुह्यंच खरं होतं.”

“काय?”

“डावा. सारा लाडू डाव्या हातानं खाल्ला लेकाच्यानं. लिहिलंबी डाव्यानंच. मी ह्या डोयानं पाह्यलं. सुरवातीची अक्षरं मास्तरलेबी लागली नाही, म्हणे इंग्रजी असन; चष्मा काढून पुसून पाह्यला. सारे माणसं खाली मान घालून घरी गेले.” त्यांनी एक मोठा श्वास सोडला. “मागल्या साली ध्यान बिडीतच असन.”

मैनाबाई चुलीजवळ उभ्या होत्या. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत त्या घरात ‘तुझंच खरं’ हे शब्द कोणी ऐकले नव्हते. त्यांचे तोंड उघडले, तसेच राहिले आणि सावकाश मिटले. रुक्मासमोर मात्र लख्ख उजेड पडला : बाया समोर, म्हणजे पुरुष मागे. आता सांगितलेच पाहिजे असे तिला वाटले.

“आत्याबाई, ते कापड...”

“वरण थंडं होऊन राह्यलं,” मैनाबाई म्हणाल्या.

“पण कापडाच्या मांगून...”

“पोरी, पळी त्या हातात घे.” मग नवऱ्याकडे वळून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “वर्षभर मी काय सांगून राह्यली होती?”

“हो ना, माय,” नागोराव म्हणाला.

रुक्माने हात बदलला. वरण ताटात, बरोबर भाकरीच्या कडेला पडले. सदाशिवरावांनी त्या रात्री एक भाकर जास्त खाल्ली. हार मानली, की भूक लागते, असे त्यांचे म्हणणे पडले.

सकाळी विहिरीवर नेहमीपेक्षा जास्त बाया होत्या आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. हंसाबाईने घागर बुडवता बुडवता विषय काढला. “आमचा देवसिंग घरी येऊन मले म्हणे, हंसा, तू जिंकली. पायच धरायचा बाकी राह्यला.”

“मंग तू काय म्हणली?” मैनाबाईंनी विचारले.

“मी म्हणली, असू दे, होते कधीमधी.”

दोन-तीन पदर तोंडाला लागले आणि घागरी भरत राहिल्या.

गाडी ढाणकीकडे निघायच्या बेतात होती. रुक्माने फडक्यात दोन भाकरी, ठेचा आणि कांदा बांधला आणि ती बबनरावांना द्यायला गेली. मागून मैनाबाई आल्या. रुक्माने शिदोरी पुढे केली. बबनरावांनी हात पुढे केला आणि ते थबकले.

“बाई, भाकर डाव्या हातानं देऊन राह्यल्या?”

“तुमचं अस्वलबी डाव्याच हातानं जेवते,” मैनाबाई म्हणाल्या.

“नाही मावशी. ते तं उजव्या...”

“साऱ्या गावातल्या माणसायनं काल पाह्यलं. विचारा पारावर. तुमी तीन वर्षं मशीनीकडं पाहून राह्यले भाऊ, कापडाकडं कधी पाह्यलं?”

बबनरावांनी पाराकडे पाहिले. तिथे बसलेल्या सात-आठ जणांनी गंभीरपणे माना हलवल्या. बबनरावांनी शिदोरी घेतली, दोन्ही हातांनी, आणि ते गाडीत बसले.

गाडी नाल्याच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. रुक्माला इथून सारे दिसत होते. बबनराव खाली उतरले. मागचे दार उघडून त्यांनी डबा काढला, हातभर फीत सोडवली आणि उन्हात डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ पाहिली. मग ती उलटी करून दुसऱ्या बाजूने पाहिली. मग त्यांनी फीत गुंडाळली, डबा ठेवला, ते गाडीच्या पायरीवर बसले आणि शिदोरी सोडून जेवू लागले.

कोणत्या हाताने, ते एवढ्या लांबून दिसत नव्हते.