कंपनीच्या हयातीचा दाखला

साहेब, एका चालत्या-बोलत्या गाडीला तुम्ही भंगारात ढकलायला निघालात, आणि हे तुम्ही समजून-उमजून करताय. कचेरीचं नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळतं.

कायद्यापुढं सगळे समान असतात. माणूस असो, म्हैस असो की मोटार. जिवंत असल्याचा कागद नसेल तर तिघंही मेलेलेच.

आमच्या गावातल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्याची साडेतीन एकर जमीन, शेतातल्या घरासकट, शेंद्र्याकडच्या कारखान्यांत गेली. मोबदला लग्नकार्यात नि दुखण्यात गेला (सरकारी भाषेत: पुनर्वसन झालं). उरलं गावातलं घर नि एक अमेरिकन गाडी. रोज संध्याकाळी तो तिच्यात बसतो, काच खाली करतो आणि बांधावर बसल्यासारखा गप्प राहतो.

गाड्यांबाबत मात्र तो गप्प राहत नाही. पाचोडच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, कुणी न विचारता तो मत देतो. जपानी गाडी म्हणजे शेळी. खाते कमी, दिसते घरोघरी, पण शेळीवर वरात निघत नाही. कोरियन गाडीला अंगापेक्षा दागिने जास्त. अमेरिकन गाडी म्हणजे खिलार बैल. खाईल दोघांचं, पण दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. त्यानं पाहणीही केली (पाहणी करणारा एक, उत्तर देणारा तोच). अमेरिकन गाडीवाले शंभर टक्के समाधानी निघाले.

"मंग कंपनी देश सोडून पळाली कामून?" त्याचा शेजारी मुंजाबा विचारतो.

"तिला गिऱ्हाईक कळालं नाय. आपल्याला ॲव्हरेज पायजे, तिनं ताकद दिली."

डबघाईला आलेल्या कंपन्यांचे त्यानं तीन प्रकार पाडलेत: सांगून जाणाऱ्या, न सांगता जाणाऱ्या, आणि शोरूम उघडी ठेवून आत कुणीच नसणाऱ्या (तिसरा प्रकार कचेऱ्यांतही आढळतो).

गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी वाढवली नाही तर भंगार. कारभारी संभाजीनगरला तुमच्या नोंदणीच्या कचेरीत आला. तुमचे बद्रीनाथ भाऊसाहेब फार नेमाचे गृहस्थ. गाडीत दोष सापडेना, म्हणून त्यांनी अर्ज तपासला.

"रकाना अकरा. बनवणारी कंपनी हयात आहे का?"

"अमेरिकेत हाय की."

"मी अमेरिकेत बसतो का? दाखला आणा."

हयातीचा दाखला पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना कुठं मिळतो, हे कारभारीला ठाऊक होतं. त्यानं गाडी थेट ग्रामपंचायतीपुढं लावली. सरपंच आप्पासाहेबांनी नियम वाचला: इसम समक्ष हवा, गावचा रहिवासी हवा, अंगठा हवा, दोन पंच हवेत. कंपनीचं नाव अंगावर असलेली गाडी दारात उभी होती, तीच कंपनी समक्ष धरली. पत्ता कारभारीच्या घराचा टाकला. अंगठ्याऐवजी पुढच्या चाकाला शाई लावून गाडी कागदावरून नेली (कागद तीन लागले, पहिला फाटला, दुसऱ्यावर शेण उमटलं). मुंजाबा आणि सांडू धनगर पंच झाले. त्यांनी लिहून दिलं, 'सदर कंपनीनं आमच्यासमक्ष तीन वेळा हॉर्न दिला. शुद्धीवर आहे. कुणाच्या दबावाखाली नाही.'

"धक्का मारून चालू केली, तेवढं लिहू नका," कारभारीची बायको वच्छलाबाई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसालाबी उठवावंच लागतं."

बद्रीनाथांनी दाखला वाचला, शिक्का उजेडात धरला आणि रकाना अकरावर खूण केली. कारभारी जायला वळला.

"आता मालकाचा रहिवास."

कारभारीनं आरसी बुक पुढं केलं. त्यावर पत्ता शेतातल्या घराचा. तिथं आता बिस्किटांचा कारखाना.

"इथं तुम्ही राहत नाही."

"ते गेलं साहेब. आता गावातल्या घरात ऱ्हातो."

"त्या घरात कंपनी राहते. दाखला तुम्हीच आणला. घर एक, कुटुंबप्रमुख एक. तुम्ही कंपनीचे कोण?"

कारभारीनं आरसी बुक पुन्हा चाळलं. त्यात नात्याचा रकाना नव्हता.

अर्जावर शेरा पडला: कंपनी हयात, गाडी सुस्थितीत, मालक आढळून येत नाही. बेवारस वाहन म्हणून गाडी सोमवारी उचलणार.

तर साहेब, रविवारच्या आत लेखी उत्तर द्या: कारभारी राहतो कुठं? आणि एवढा वेळ हसत वाचणाऱ्या भल्या माणसा, तुझ्या घरात तूच राहतोस, हे कुणाच्या सहीनं? तूही सांग.