इंगोलेकाकांची आठ बटणं

आमच्या ऑफिसातले इंगोलेकाका रोज सकाळी स्कॅनरला रामराम करत. तोही नावानिशी. गळ्यातल्या दुपट्ट्याने काच पुसायची, तिच्यावर बसलेली रुई फुंकायची आणि पडद्यावरच्या एकेका बटणाकडे बघून म्हणायचं, "काय शेळकेबाई, बरं हाय ना? रामटेके, उठा आता!"

शेळकेबाई आणि रामटेके ऑफिसातून केव्हाच गेले होते.

घाटंजीतलं आमचं कापूस खरेदीचं ऑफिस. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली त्या वर्षांत आवारात कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या आणि आतली माणसंही कमी होऊ लागली. एकेकाला घरी बसवलं. स्कॅनर तेवढा चांगल्या दिवसांत घेतलेला, सगळ्यांचा सामाईक. त्यात आठ जणांना आपापल्या नावाचं बटण करून ठेवता यायचं. कागद केवढा, गडद की फिका, एक बाजू की दोन्ही, सगळं एका बोटात. माणसं गेली, बटणं राहिली.

काका ती आळीपाळीने वापरत. शेळकेबाईंच्या बटणावर पावती काळीकुट्ट निघे. "बाईले सारंच कडक लागे. चहा बी, बोलनं बी." रामटेक्यांच्या बटणावर कागदाची कोरी पाठसुद्धा निघे. "काही सोडून देनारा मानूसच नव्हता तो!" पावत्या वाचता येत नाहीत म्हणून यवतमाळहून साहेब फोनवर ओरडत. काका शांतपणे सांगत, "साहेब, आज शेळकेबाईचा दिवस हाय."

वणीची शाखा बंद झाली तेव्हा माझी इथे बदली झाली. माझं बटण नव्हतं, त्यामुळे दर कागदाला सगळं नव्याने लावावं लागे. शेवटी वैतागून मी म्हणाले, "काका, आठही जागा भरल्यात. शेळकेबाईंचं पुसू का?"

मी जेवत्या माणसाचं ताट ओढलं असावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "काहून? तिनं तुह्यं काय बिघडवलं?"

"अहो, त्या परत येणार आहेत का?"

काका काच पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घे पोरी, जागा झाली. टाक तुह्यं नाव." कोणाचं पुसलं ते मी विचारलंही नाही. माझं काम सोपं झालं होतं, मी खूश होते.

पुढच्या हंगामाआधी काकांनाही घरी बसवलं. शेवटच्या दिवशी ते डबा पिशवीत ठेवत होते. मी उगाच मोठ्याने म्हणाले, "काका, तुमचं बटण मी कोणाला पुसू देणार नाही." आणि दाखवायला पडद्याकडे वळले. शेळके होत्या, रामटेके होते, सगळे होते. इंगोले नव्हते.

"काका, तुम्ही स्वतःचंच पुसलंत?"

"मंग कोनाचं पुसू? ते बिचारे गेलेले. मी तं इथंच होतो ना. घरात राहनाऱ्याले दारावर पाटी कायले पाहिजे?"

मी माझं बटण पुसायला हात नेला. त्यांनी तो धरला. "राहू दे. तुले अजून काम करायचं हाय. अन् रडून कायले राह्यली?"

मग दुपट्ट्याने काच पुसून त्यांनी सगळ्यांना रामराम केला. माझंही नाव घेतलं.

आता सकाळी काच मी पुसते, ओढणीने. गेलेल्या सगळ्यांना नावानिशी रामराम करते. बाकीची नावं पडद्यावर बघून घेते, काकांचं न बघता.