पश्चिम वेशीवरील हळदीच्या हातांची हकिकत

श्री. उभ्या वास्तूस दंडवत, पडल्या चिऱ्यांस दंडवत, वाचणारांचे कल्याण असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, नाव न सांगावे ऐशा एका राज्यात पश्चिमेची वेस उतरविली गेली, त्याची हकिकत ऐसी जे:

वेस पुरातन, काळ्या दगडाची. गावची लेक सासरी निघाली म्हणजे वेशीच्या आतल्या भिंतीस, ऊन-पाऊस न पोहोचे ऐशा जागी, हळदीचा ओला हात उमटवून मग बाहेर पाऊल टाकावे ऐसी चाल होती. पुढे कमानीत पिंपळ उगवला तो दरबाराने उगवू दिला, आणि मुळ्यांनी चिरे उचलले ते उचलू दिले, आणि बुरूज खचला तो खचू दिला, आणि अवघे यथास्थित मोडकळीस आले तेव्हा दरबारास प्रजेच्या जिवाची काळजी उत्पन्न होऊन वेस उतरावी, रस्ता रुंद करावा, ऐसी मसलत ठरली. ते समयी तांबट आळीची गयाबाई म्हणून म्हातारी, ती वेशीत जाऊन बैसली ती उठेना. कारण ऐसे जे, तिची एकुलती लेक हौसा याच वाटेने सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणात तिकडेच वारली. माघारी आली ती नुसती बातमी. निघते वेळी हौसाने भिंतीस डावा हात लाविला होता. गयाबाई म्हणाली होती, "अगं, शुभाचं काम, उजवा लाव की!" आणि पोर रडता रडता हसली होती, "उजवा तुझ्या हातात हाय न्हवं, आये. सोड, मग लावते." तो हिने सोडिला नाही आणि तिने सोडविला नाही. अवघ्या भिंतीवर डावा हात तो एकच, तळवा एका चिऱ्यावर आणि बोटे वरच्या चिऱ्यावर. लेकीचे म्हणून जगात तेवढेच उरले होते.

मग मुख्य कारभारी जातीने आले आणि बोलते जाहले, "आजी, वेस मोडत नाही हो, हलवतोय. दगडा-दगडावर नंबर टाकू आणि बागेत जशीच्या तशी उभी करू. माझा शब्द आहे." शब्दावर भरवसा ठेवणारी ती पिढी. गयाबाई उठली, आणि बैसली जागा पदराने झाडून देती जाहली.

मग चिरे उतरले, त्यांवर खडूने आकडे पडले, बागेच्या कडेस रास जाहली आणि राशीवर शेळ्या चढो लागल्या. इतक्यात बडे वजीर येणार ऐसी वार्ता आली, आणि राज्यात एकच धांदल उडाली, आणि झाडांचे बुंधे, रस्त्याच्या कडा, जे दिसेल त्यास चुना लागला, आणि त्या झपाट्यात वेशीची रासही पाण्याने धुऊन पांढरी करण्यात आली. आकडे गेले. कोणता चिरा कोठला, हे आता खुद्द दरबारासही सांगवेना.

परंतु सकाळी पाहतात तो पांढऱ्या चिऱ्यांवर तांबडे डाग वर आलेले! कारभारी कडाडले, "कोण पान खाऊन थुंकलं रे इथं? मारा चुन्याचा दुसरा हात!"

गयाबाई पुढे जाहली. "थुंकी न्हाई ती, सायेब. हळदीला चुना लागला, त्याचं कुंकू झालंय. आमच्या लेकी हायेत त्या."

रंगाऱ्यांनी कुंचले खाली ठेविले. कारभारी मान खाली घालून निघोन गेले. वजिरांची स्वारी तर दुसऱ्याच वाटेने गेली. मग गयाबाई एकेक चिरा पाहो लागली, आणि आळीच्या बायांनी हात लाविला, आणि तिन्हीसांजेस उलट्या अंगठ्याचा तळवा सापडला. बोटांचा चिरा मात्र सापडेना. रस्त्याच्या मुकादमास विचारिले, तो चाचरत म्हणाला, "आजी, भर कमी पडत होती... थोडे दगड रस्त्याखाली गेले." ऐकोन ती तळव्यावर आपला हात ठेवून बैसली. बोटे चिऱ्यापलीकडे मोकळ्या हवेत राहिली.

तात्पर्य, वेस बागेत उभी राहिली नाही, रस्ता उत्तम जाहला, दरबाराची कीर्ती वाढली. त्या रस्त्याने लोक गाड्या उडवीत जातात. गयाबाई तेवढ्या वाटेपुरत्या चपला काढून हातात घेते. जाहले वर्तमान ऐसे असे.